हलव्याचा काटा

बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने गेल्या वर्षी आम्ही पहिल्यांदा केले. घाईत आच वाढवली, पाक एकदम ओतला. साबुदाण्याचे गोळे झाले, काटा आलाच नाही.

यंदा पहाटेच्या थंडीत बसलो. परातीखाली मंद निखारे, एकतारी पाक चमचा-चमचा, बोटांनी सतत हलवणं. आधीचा पाक सुकला की मगच पुढचा. तिसऱ्या दिवशी काटा फुलला! आभाळ आलं की मात्र काम बंद. दमट हवेत हलवा पाघळतो.

मग एकेक दाणा दोऱ्यात बांधून मुकुट, बाजूबंद, हार केले. भाव ठरवताना एकजण म्हणाली, साखरेचे पैसे निघाले की पुरे. आणि तीन पहाटेंची मजुरी? कापूस वेचायला गेलो असतो तर मागितलीच असती ना! ती धरूनच भाव सांगितला. गिऱ्हाईक कुरकुरलं, पण घेऊन गेलं.