यंत्र ‘नाही’ म्हणते तेव्हा

(अम्गरा येथील भाषणाचा संपादित अंश)



बालगंधर्व रंगमंचावर भामिनी होत, तेव्हा समोरचा माणूस पुरुष आहे हे प्रेक्षकांना ठाऊक असे. तरी ‘वन्स मोअर’ मिळे. ती ओळख नट आणि रसिक मिळून घडवीत. जवळून पाहणाऱ्या कॅमेऱ्याने हा करार अवघड केला. बोलपटांत स्त्रिया स्वतः स्त्रीभूमिका करू लागल्या, हे योग्यच झाले. १९३५ च्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व पुरुषवेशात एकनाथ झाले.

आज आपली ओळख बोटाच्या ठशावर आली आहे. इथे अम्गऱ्यात भंगार उचलणाऱ्याच्या बोटांवरील रेषा झिजतात. हजेरीचे यंत्र त्याला नाकारते, तेव्हा ‘हा तो नव्हे’ असे सिद्ध होत नाही. दोन ठशांतले साम्य ठरवलेल्या मर्यादेखाली गेले, इतकेच. ती मर्यादा माणूसच ठरवतो.

आपल्यापैकी काहीजण अशी यंत्रे निवडतात, बसवतात. त्यांना माझी विनंती आहे : प्रत्येक यंत्राशेजारी पर्यायी नोंदीची सोय आणि निर्णयाचा अधिकार असलेला माणूस ठेवा. झिजलेल्या बोटासाठी कुणाचा रोज बुडता कामा नये.