लहान राष्ट्र, बलाढ्य शेजारी आणि दूरचा मित्र



शेजार निवडून मिळत नाही, हे आपण सर्वजण जाणतो. माणसाला निदान दुसऱ्या पेठेत बिऱ्हाड हलविता येते. राष्ट्राला तेवढीही सोय नाही. मग ज्याच्या दाराशी बलाढ्य शेजारी उभा आहे, त्या लहान राष्ट्राने काय करावे? कौटिल्याने राजनीतीचे जे सहा गुण सांगितले, त्यांत ‘संश्रय’ हा एक आहे. शत्रूहून बलवान अशा राजाचा आश्रय घ्यावा, असे तो सांगतो. आणि त्याचबरोबर बजावतो की, शत्रूशी झगडा जुंपलेला नसताना बलिष्ठाशी गाठ घालणे राजाला फार घातक असते. या उपदेशाची दोन्ही टोके फिनलंड या देशाने स्वतःच्या अंगावर अनुभवली. त्याचीच हकिगत आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत.

फिनलंड १९१७ च्या डिसेंबरात रशियापासून स्वतंत्र झाला. १९३९ साली त्याची लोकसंख्या होती सुमारे ३७ लाख. सोव्हिएत संघाची १७ कोटी. सरहद्द लेनिनग्राडपासून अवघ्या ३२ किलोमीटरांवर. ती मागे हटवा आणि हांको येथे आरमारी तळासाठी जागा द्या, अशी स्टालिनची मागणी होती. मोबदल्यात उत्तरेकडे दुप्पट जमीन देण्याची तयारीही होती. परंतु त्याच वर्षी २३ ऑगस्टला हिटलर व स्टालिन यांचा करार झाला होता, आणि त्याच्या गुप्त कलमांत फिनलंड सोव्हिएत वाट्यास गेला होता. एस्टोनिया, लाटविया व लिथुआनिया यांनी ‘परस्पर साहाय्या’चे करार करून सोव्हिएत सैन्याला आपल्या भूमीवर तळ दिले. फिनलंडने नकार दिला, आणि ३० नोव्हेंबरला त्याच्यावर हल्ला झाला.

मित्र कोण धावले? राष्ट्रसंघाने सोव्हिएत संघाला सभासदत्वावरून काढून टाकले. पण ठरावाने रणगाडे थांबत नसतात. स्वीडनने शस्त्रे दिली, सुमारे ८ हजार स्वयंसेवक गेले; सरकारी फौज मात्र गेली नाही. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी सैन्य पाठविण्याचे बेत केले. त्या सैन्याची वाट नॉर्वे आणि स्वीडनमधून जात होती, आणि बेत करणाऱ्यांचा अर्धा डोळा स्वीडनच्या लोखंडाच्या खाणींवर होता. त्या दोन देशांनी वाट दिली नाही. फिनलंड १०५ दिवस एकटा लढला. १२ मार्च १९४० रोजी तह झाला तेव्हा देशाचा सुमारे दहावा हिस्सा गेला आणि ४ लाखांवर माणसांना घरदार सोडावे लागले.

कोणी म्हणेल, निमूटपणे सही करणारे ते तिघेच शहाणे! त्यांचे काय झाले तेही पाहू. जून १९४० मध्ये त्यांना निर्वाणीचे खलिते आले. सैन्य आधीच घरात शिरलेले होते. ऑगस्टपर्यंत तिन्ही देश सोव्हिएत संघात विलीन झाले, आणि स्वातंत्र्य परत मिळावयास १९९१ साल उजाडावे लागले. त्या राष्ट्रांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यापुढे धड मार्ग असा एकही नव्हता. परंतु फिनलंडने भूमी गमावली तरी राज्य राखले, हा फरक लहान नाही.

पुढे १९४१ साली फिनलंडने जर्मनीच्या बाजूने शस्त्र धरले. गेलेला मुलूख काही काळ परत मिळाला. पण ज्या ब्रिटनने मदतीचे बेत केले होते, त्यानेच ६ डिसेंबर १९४१ रोजी, फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनी, त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारले. १९४४ मध्ये शस्त्रसंधी झाला. मुलूख पुन्हा गेला, मालाच्या रूपाने ३० कोटी डॉलरांची भरपाई मानगुटीस बसली, आणि जर्मनांना हुसकून लावण्याचे कामही फिनिश सैन्यावरच आले. जाता जाता जर्मनांनी रोवानिएमी हे शहर जाळले. कालच्या मित्राने असा निरोप घेतला!

तिसरा प्रयोग १९४८ चा. या वेळी करार झाला तो प्रत्यक्ष बलाढ्य शेजाऱ्याशी. जर्मनी वा तिच्या मित्रांनी फिनलंडमार्गे हल्ला केला तर तो परतवावयाचा, गरज पडल्यास सोव्हिएत मदतीने, अशी त्यातील अट होती. राष्ट्राध्यक्ष पासिकिवी यांनी त्या मोलाने निवडणुका, अनेक पक्ष आणि स्वतंत्र कारभार टिकविला. मोल थोडे नव्हते. शेजाऱ्याविषयी जीभ आवरून बोलावे लागे. १९६१ साली मॉस्कोने लष्करी सल्लामसलतीचा खलिता धाडला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन यांना सैबेरियातील नोवोसिबिर्स्कपर्यंत जावे लागले, आणि निवडणुकीतील त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने माघार घेतली. पश्चिमेकडे या धोरणाला हिणविण्यासाठी ‘फिनलंडीकरण’ असा शब्दच रूढ झाला. ज्यांच्या अंगणापर्यंत आच पोहोचत नाही, त्यांना असे शब्द घडविणे सोपे जाते.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चौफेर आक्रमण केले. युक्रेनपाशी १९९४ ची लेखी आश्वासने होती, आणि ती देणाऱ्यांत खुद्द रशियाही होता. फिनलंडने कागदाची ही किंमत पाहिली. तेथील संसदेने १८८ विरुद्ध ८ मतांनी नाटो संघटनेत जाण्याचे ठरविले. तेथेही सर्व सभासदांची संमती लागते. तुर्कस्तानने अटी घातल्या. अखेर ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड सभासद झाला आणि मार्च २०२४ मध्ये स्वीडन. नॉर्वे तर १९४९ पासूनच आत आहे. १९४० साली मदतीची जी वाट बंद राहिली, ती आता एकाच संघटनेच्या घरातून जाते. या कराराचे खरे मोल आम्हांला येथे दिसते.

तथापि त्या संघटनेच्या पाचव्या कलमात एकावरील हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानला असला, तरी प्रत्येकाने ‘आवश्यक वाटेल ती’ कृती करावी, एवढेच बंधन आहे. मित्राच्या मर्जीला जागा उरतेच. म्हणून फिनलंडने चारही प्रयोगांत एक गोष्ट हातची सोडली नाही: आपले सैन्य. स्वीडनने २०१० मध्ये सक्तीची लष्करी सेवा बंद केली आणि २०१७ मध्ये पुन्हा सुरू केली. फिनलंडने ती कधीच थांबविली नाही. ५५ लाखांचा हा देश युद्धकाळी २ लाख ८० हजारांची फौज उभी करू शकतो.

श्रोतेहो, उद्या एखाद्या लहान राष्ट्राने संरक्षणाचा करार केल्याचे वर्तमान वाचाल, तेव्हा आपण चार प्रश्न जरूर विचारावेत. मदत कोणत्या वाटेने येणार? येणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ कशात आहे? तो मागून काय मागणार? आणि तो येईपर्यंत सीमेवर कोण उभे राहणार? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे काळाप्रमाणे बदलतात. चौथ्याचे उत्तर त्या राष्ट्रालाच, आणि आधीच, देऊन ठेवावे लागते.