लहान संगणक आणि हलका संगणक

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



लॅपटॉपच्या खरेदीविषयी चार शब्द बोलावेत, असे केंद्रप्रमुखांनी मला सुचविले तेव्हा मी प्रथम संकोचलो. या परिषदेत वाचनाची गती, भागाकाराचे अध्यापन, मुलांची उपस्थिती अशा विषयांवर बोलण्याचा आपला प्रघात आहे. एखादी वस्तू कशी विकत घ्यावी हा तर प्रपंचातला प्रश्न झाला. परंतु गेल्या वर्षी आपल्या केंद्रातील तिघा शिक्षकांनी पतपेढीचे कर्ज काढून लॅपटॉप घेतले, आणि त्यांपैकी दोघांचे लॅपटॉप आज कपाटात पडून आहेत. कर्जाचे हप्ते मात्र दरमहा पगारातून कापले जात आहेत. हे समजल्यावर माझा संकोच गेला.

त्या दोघांनी निष्काळजीपणाने खरेदी केली, असे कोणी समजू नये. त्यांनी तीन दुकाने पाहिली, किंमत विचारली आणि जे यंत्र सर्वांत लहान, हलके व स्वस्त होते ते घेतले. वाडीवरच्या शाळेला मोटारसायकलने आणि पुढे पायवाटेने जाणाऱ्या माणसाने असाच विचार करावा, यात नवल नाही. चूक झाली ती एवढीच की, लहान आणि हलके हे दोन शब्द त्यांनी एकाच अर्थाचे मानले. ते तसे नाहीत, हेच मला आज सांगावयाचे आहे.

थोडा इतिहास पाहू. तैवानमधील असुस कंपनीने २००७ साली ‘ई पीसी ७०१’ नावाचे एक यंत्र बाजारात आणले. त्याचा पडदा ७ इंचांचा, वजन किलोभराहून थोडे कमी, रॅम ५१२ मेगाबाइट आणि साठवणीची जागा अवघी ४ गिगाबाइट. किंमत सुमारे ४०० डॉलर होती. पुढच्याच वर्षी इंटेल कंपनीने अशा यंत्रांसाठी ‘ॲटम’ नावाचा, थोडी वीज खाणारा व थोडेच काम करणारा प्रोसेसर काढला, आणि पाहता पाहता प्रत्येक कंपनीचे नऊ-दहा इंची यंत्र दुकानात दिसू लागले. यांनाच नेटबुक म्हणत. उलटपक्षी २००८ च्या जानेवारीत ॲपल कंपनीने ‘मॅकबुक एअर’ आणले. त्याचे वजन १.३६ किलो, परंतु पडदा पूर्ण १३ इंचांचा, कळफलक पूर्ण मापाचा आणि किंमत १,७९९ डॉलर! हलका लॅपटॉप हवा तर एकतर ४०० डॉलर देऊन अर्धवट यंत्र घ्यावे, नाहीतर त्याच्या साडेचार पट मोजून पुरे यंत्र घ्यावे, अशी त्या काळी स्थिती होती. या दुसऱ्या जातीस अल्ट्रापोर्टेबल म्हणतात. वजनात काटकसर, कामात नाही, असा तिचा धर्म.

नेटबुकची मी येथे टवाळी करीत नाही. त्याच्यामागे एक सुंदर कल्पना होती. निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ साली मांडलेल्या ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या योजनेतील हिरवे-पांढरे यंत्र उन्हातही वाचता येई. त्याचा कळफलक रबराने सांधलेला असल्यामुळे धूळ आत जात नसे, आणि कळा मुलांच्या बोटांच्या मापाच्या होत्या. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, आपल्यासारख्याच एका एकशिक्षकी शाळेत, २००७ साली त्याचा प्रयोगही झाला होता. परंतु ते यंत्र मुलांसाठी होते. मुलांच्या मापाचा सदरा मोठ्या माणसाच्या अंगात चढवावा, तसे पुढे नेटबुकच्या बाबतीत झाले.

मी स्वतः २०१० साली एक दहा इंची नेटबुक घेतले होते. पडद्यावर आडवे १,०२४ व उभे ६०० ठिपके. त्यात विंडोजची जी प्राथमिक आवृत्ती होती, तीत पडद्यावरील चित्रसुद्धा बदलता येत नसे. पण ते दुःख लहान. मोठे दुःख असे की, कित्येक चौकटींची उंची ६०० ठिपक्यांहून अधिक असे. मग मजकूर भरून झाल्यावर ज्या कळीवर टिचकी मारावयाची, ती कळ पडद्याच्या कडेखाली, दृष्टीआड. वार्षिक निकालाच्या आदल्या रात्री माझे निकालपत्रक त्या चौकटीत अडकले, आणि अखेरीस मी कंदिलाच्या उजेडात ते हाताने लिहून काढले. वीजही गेली होती, हे कबूल केले पाहिजे. तो दोष यंत्राचा नव्हे.

नेटबुके २०१३ च्या सुमारास बाजारातून नाहीशी झाली. एका बाजूने टॅबलेट आले, दुसऱ्या बाजूने बारीक अंगाचे लॅपटॉप स्वस्त झाले. तथापि नाव गेले म्हणून वस्तू गेली असे नाही. आज दुकानात ११ ते १४ इंची पडद्याचे, सेलेरॉन जातीच्या प्रोसेसरचे, ४ गिगाबाइट रॅमचे आणि ६४ गिगाबाइट ‘ईएमएमसी’ साठवणीचे जे चकचकीत यंत्र ‘विद्यार्थ्यांसाठी खास’ म्हणून पुढे केले जाते, ते नेटबुकचेच वंशज होय. कपाटात पडलेली ती दोन यंत्रे याच कुळातील आहेत.

ती का थांबली, ते समजून घेऊ. विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट रॅम व ६४ गिगाबाइट जागा लागते, असे तिच्या कर्त्यांनीच सांगितले आहे. यंत्र त्या नियमात बरोबर बसते, म्हणून दुकानदार खोटे बोलत नाही. परंतु दारात उभे राहण्यापुरती जागा मिळणे निराळे आणि मांडी घालून जेवणे निराळे. रॅम म्हणजे कामाचे टेबल. त्याचा बराच भाग विंडोज स्वतःच अडविते. उरलेल्यावर आपण यू-डायसचे पान उघडणार, शेजारी हजेरीचा तक्ता आणि एखादे परिपत्रक. टेबल भरले की यंत्र कागद उचलून कपाटात ठेवू लागते व पुन्हा काढू लागते. कपाट म्हणजे साठवण. येथे ते कपाट ‘ईएमएमसी’चे, म्हणजे बहुधा मोबाईलमध्ये असते त्या जातीचे आणि एसएसडीपेक्षा मंद. शिवाय विंडोज त्यातील निम्म्याच्या आसपास जागा व्यापते. वर्षभराने सुधारित आवृत्ती येते, ती उतरवून घ्यावयास जागा नसते, आणि यंत्र रोज तीच सूचना दाखवून अडून बसते. बरे, रॅम वाढवावी म्हटले, तर या स्वस्त यंत्रांत रॅम व साठवण दोन्ही बहुधा मुख्य पाटीवरच डाख देऊन बसविलेली असतात. जे दुकानात मिळाले, तेच अखेरपर्यंत.

दुसरा मुद्दा पडद्याचा. इंग्रजी अक्षरांस जे पुरते, ते देवनागरीस पुरत नाही. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. ओळीला उंची लागते. लहान पडद्यावर पान पुरते दिसावे म्हणून अक्षर बारीक केले, की ऱ्हस्व-दीर्घाचा भेद डोळ्यांस दिसत नाही. प्रश्नपत्रिकेत ‘दिन’चे ‘दीन’ झाले तर तो दोष शिक्षकाच्या माथी बसतो, पडद्याच्या नव्हे. म्हणून १,९२० बाय १,०८० ठिपक्यांचा, साडेबारा ते चौदा इंचांचा पडदा असावा, असे माझे मत आहे. १,३६६ बाय ७६८ चा पडदा अजूनही पुष्कळ यंत्रांत असतो. तो चालतो, पण चाळिशी लागलेल्यांनी टाळावा. पडद्याचे हे ठिपके आणि रॅम यांबाबत तडजोड करू नये. प्रोसेसरची काही पायरी खाली उतरली तर आपल्या कामात फारसे बिघडत नाही.

आता प्रश्न पैशाचा. समजा, आपणांजवळ २४,००० रुपये आहेत. तेवढ्यात नवे कोरे, पुऱ्या ताकदीचे हलके यंत्र मिळणे कठीण. परंतु मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांसाठी लॅपटॉप घेतात आणि तीन-चार वर्षांनी बदलतात. ते तपासून, पुसून, दुरुस्त करून विकणारे व्यापारी शहरांत आहेत. लेनोवोचे थिंकपॅड एक्स, डेलचे लॅटिट्यूड ७०००, एचपीचे एलिटबुक ८०० या मालिका मुळात प्रवासी अधिकाऱ्यांसाठी बांधलेल्या आहेत. वजन बहुतांशी सव्वा ते दीड किलो, कळफलक उत्तम आणि सांगाडा टणक. आपला अल्ट्रापोर्टेबल तेथे आहे. नव्याचा मोह सुटत नाही, हे मी जाणतो. जुने घेऊन आलात का, असे घरी विचारले जाते, हेही जाणतो. पण हिशेब करा. १६,००० चे नवे यंत्र दोन वर्षे चालले तर वर्षाला ८,००० पडले. २४,००० चे वापरलेले यंत्र पाच वर्षे चालले तर वर्षाला ४,८००. हा हिशेब आपण चौथीच्या मुलांस घालतो, स्वतःस मात्र घालीत नाही.

मात्र या बाजारात डोळे उघडे ठेवून जावे. विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. ही पिढी नावावरून ओळखता येते. ‘आय-५ ८३५०’ यातील पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. तेथे ६ वा ७ असेल तर यंत्र जुन्या पिढीचे. अशी यंत्रे आता फार स्वस्त मिळतात, आणि काही विक्रेते त्यांवर आडमार्गाने विंडोज ११ चढवून देतात. ते मुळीच घेऊ नये. लिनक्स वापरण्याची सवय असणाऱ्याने जुनी पिढी खुशाल घ्यावी, त्याला ती पुष्कळ दिवस साथ देईल. रॅम ८ गिगाबाइट प्रथमपासूनच घ्यावी, कारण बारीक अंगाच्या चांगल्या यंत्रांतही ती कित्येकदा डाख दिलेली असते. साठवण एसएसडीची, २५६ गिगाबाइटची असली म्हणजे पुरे.

यंत्र हातात आले की ते बंद करून पुन्हा सुरू करावे आणि बायोसला पासवर्ड नाही ना, ते पाहावे. पूर्वीच्या कंपनीचे कुलूप राहिले असेल तर पुढे ते उघडणे फार कठीण जाते. प्रत्येक कळ दाबून पाहावी. परदेशातून आलेल्या काही यंत्रांच्या कळांवर जर्मन वा जपानी अक्षरे असतात. इनस्क्रिप्टने मराठी टंकणाऱ्यास त्याचे काही नाही, पण इतरांस त्रास होतो. प्रोजेक्टर जोडण्याचे एचडीएमआय छिद्र आहे का, की त्यासाठी निराळा जोड लागेल, हेही विचारावे. पक्की पावती आणि निदान सहा महिन्यांची लेखी हमी, यांवाचून पैसे देऊ नयेत.

बॅटरीबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्याकडे वीज जाते. बॅटरीवर वॅट-तास लिहिलेले असतात. ४५ वॅट-तासांची बॅटरी आणि सरासरी साडेसात वॅट खाणारे यंत्र म्हणजे सहा तास. परंतु वापरलेल्या यंत्राची बॅटरी झिजलेली असते. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. पहिला ४५ आणि दुसरा २७ असेल, तर बॅटरी साठ टक्के उरली. सहा तासांचे साडेतीन झाले. मग नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. दुकानदार हा अहवाल काढून दाखविण्यास कुरकुर करील, तर तेथून उठावे.

ज्यांना वापरलेली वस्तू नकोच, त्यांनी आणखी काही महिने पैसे साठवावेत आणि ८ गिगाबाइट रॅमचे, एसएसडीचे, दीड किलोच्या आसपासचे नवे यंत्र घ्यावे. तोवर शाळेतील जुना संगणक आणि हातातील मोबाईल यांवर निभावणे हे घाईने छोटे यंत्र घेण्यापेक्षा बरे. आणि ज्यांच्या घरी ते छोटे यंत्र आधीच आले आहे, त्यांनी ते टाकून देऊ नये. एखादे हलके लिनक्स घालून मुलांना टंकलेखनाच्या सरावासाठी वर्गात ठेवावे. मुलांच्या बोटांना ते शोभते.

येथे मेजावर मी दोन यंत्रे आणून ठेविली आहेत. एक कपाटातले, त्या गुरुजींच्या अनुमतीने मागून आणलेले. दुसरे माझे, वापरलेले म्हणून घेतलेले, वजन सव्वा किलो. दोन्हींवर हजेरीचा एकच तक्ता उघडून ठेविला आहे. चहाच्या सुट्टीत प्रत्येकाने दोन्हींवर आपल्या वर्गातील दहा नावे मराठीत टंकून पाहावीत, आणि नंतर दोन्ही यंत्रे हातात उचलून पाहावीत. वजनातील फरक किती थोडा आहे, ते आपले आपणच ठरवा.