पुढाऱ्यांची हजेरी



आज आम्हांस दोन शब्द बोलण्याचा हुकूम झाला आहे. विषय काही मोठा विद्वत्तेचा नाही. गावचा सरपंच, पंचायतीचे सभासद, तालुक्याच्या गावचे नगरसेवक, जिल्हा परिषदेचे सभासद हे आपले पुढारी वर्षभर कोठे हजर असतात, कोठे नसतात, आणि त्या हजेरीचा आपल्या चुलीशी काय संबंध आहे, एवढाच तो विषय आहे.

शाळेत गुरुजी पोरांची हजेरी घेतात. बांधावर मजूर आला तर मुकादम मस्टरावर त्याचा अंगठा किंवा सही घेतो, आणि खाडा पडला तर पगार कापतो. मग ज्यांच्या हाती गावाची तिजोरी दिली आहे, त्यांची हजेरी कोणी मांडायची? ती कोणीच मांडीत नाही. म्हणून जो सगळीकडे दिसतो तो फार काम करतो असा आपला समज होऊन बसला आहे.

आजच्या पुढाऱ्याचे वर्ष पाहा. चैत्र-वैशाखात लग्ने, जत्रा आणि कुस्त्यांचे फड. श्रावणात सप्ताह. भाद्रपदात गणपतीच्या आरत्या, आश्विनात देवीचा मांडव. मध्ये जयंत्या, वाढदिवस, दुकानाची उद्घाटने, क्रिकेटच्या सामन्यांची बक्षिसे. प्रत्येक ठिकाणी फेटा, शाल, नारळ आणि फोटो. दुसरे दिवशी तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर येतो आणि त्याखाली 'कार्यसम्राट' असे लिहिलेले असते. कार्य कोणते, हे मात्र त्यात लिहिलेले नसते.

आमच्या बोलण्याचा उलटा अर्थ घेऊ नका. पुढाऱ्याने लोकांच्या सुखदुःखात जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. कुंभाराच्या घरी मयत झाली आणि सरपंच खांदा द्यायला आला, तर ती माणुसकी आहे. गरिबाच्या लेकीच्या लग्नात तो अक्षता टाकायला उभा राहिला, तर त्या बापाची छाती रुंदावते. हा गावचा धर्मच आहे. पण अक्षता टाकल्याने नळाला पाणी येत नाही. मांडवात पाच मिनिटे बसल्याने पाणंद रस्त्यावरचा चिखल हटत नाही. आपुलकीच्या हजेरीने कामाची हजेरी फिटत नाही, हे आपण स्पष्ट ओळखले पाहिजे.

समारंभाला जावे कसे आणि तेथे करावे काय, याचा धडा जोतीराव फुले यांनी पूर्वीच घालून दिला आहे. जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. सभासद लोकांनी निवडलेला नव्हता, सरकारने नेमलेला होता. अशा नेमलेल्या माणसाने मान तुकवावी अशीच सर्वांची अपेक्षा असते. त्या दिवसांत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागताप्रीत्यर्थ नगरपालिकेच्या पैशांतून एक हजार रुपये खर्च करावे अशी सूचना पुढे आली. हात वर करणारे सगळे होते, विरोध करणारे जोतीराव एकटे होते. त्यांचे म्हणणे इतकेच की हा पैसा करदात्यांचा आहे, तो गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा. मत एकच पडले, ठराव काही थांबला नाही. पण स्वागत करणाऱ्यांची नावे आज कोणी घेत नाही, आणि ते एक मत शंभर वर्षांहून अधिक काळ लोकांच्या ध्यानात आहे.

याच जोतीरावांची दुसरी गोष्ट १८८८ सालची. राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरि रावजी चिपळूणकर यांनी पुण्यात मेजवानी दिली होती. सरदार, सावकार, श्रीमंत मंडळी दागदागिने घालून आली. जोतीराव शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले. बोलण्याची पाळी आली तेव्हा त्यांनी पाहुण्यांस सांगितले, की हे जरीचे लोक म्हणजे हा देश नव्हे, खरी प्रजा पाहायची असेल तर खेड्यांत जाऊन तिचे दारिद्र्य आणि अज्ञान पाहा. बांधवांनो, जोतीरावांनी मेजवानीवर बहिष्कार घातला नाही. ते गेले, पण आपल्या लोकांचे गाऱ्हाणे बरोबर घेऊन गेले. आजचा पुढारी मंत्र्याच्या स्वागताला जातो तेव्हा हार घेऊन जातो. त्याच हातात गावच्या मोडक्या पुलाचा अर्जही असतो काय, एवढे आपण विचारावे.

आता महाडकडे चला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुल्या असाव्यात, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मांडून मंजूर करून घेतला. त्याला धरून १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, शाई वाळली, आणि तळ्यावरची बंदी होती तशीच राहिली. पुढे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात जीव आला. या कामात नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस त्यांच्या पाठीशी उभे होते. ती खरी हजेरी. तेथे शाल नव्हती, शिव्याशाप होते. त्याच नगरपालिकेने विरोधकांच्या दडपणाखाली १९२७ च्या ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. पुढे कोर्टकचेरी झाली आणि १९३७ साली हायकोर्टाचा निकाल अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने लागला. यातून दोन गोष्टी शिकाव्या. ठराव करणारा ठरावामागे उभा राहिला नाही तर ठराव मेलेला असतो, आणि लोकांची नजर ढळली की केलेला ठरावही फिरवला जातो.

गाडगेबाबांचेही उदाहरण घ्या. बाबा काही निवडून आलेले सभासद नव्हते. पण गावात पाऊल टाकले की आधी खराटा हाती घेत, गल्ल्या झाडीत, आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. आधी काम, मग सभा. त्यांच्या नावाने महाराष्ट्रात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि कित्येक गावांनी त्यात मनापासून कष्ट केले. पण काही ठिकाणी असेही दिसते की कोरा झाडू, झाडलेलाच रस्ता, पाच पुढारी आणि एक फोटो. फोटो झाला की झाडू शिपायाकडे. बाबांचा खराटा झिजत असे, यांचा झाडू झिजत नाही.

आता मुद्द्याचे बोलतो. पुढाऱ्याने कोठे हजर राहावे हे कायद्याने ठरवून दिलेले एक ठिकाण आहे, आणि ते म्हणजे ग्रामसभा. १९९२ साली राज्यघटनेची ७३ वी दुरुस्ती झाली, ती १९९३ पासून अमलात आली, आणि गावच्या सगळ्या मतदारांच्या सभेला घटनेत स्थान मिळाले. आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे वर्षात निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. पुरेशा कारणावाचून त्या घेण्यात कसूर केली तर सरपंचाचे पद जाऊ शकते. सभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी शेकडा १५ किंवा १०० माणसे, यांतील जो आकडा कमी असेल तेवढी माणसे लागतात. ग्रामसभेपूर्वी बायकांची निराळी सभा घ्यावी, असेही सांगितले आहे. जमाखर्च तेथेच मांडायचा, घरकुलासारख्या योजनांत कोणाचे नाव घ्यायचे हे तेथेच पाहायचे, आणि पुढील वर्षी काय करायचे तेही तेथेच ठरवायचे.

आणि होते काय? कुस्तीच्या फडाला पाचशे माणसे आणि ग्रामसभेला पंचवीस. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब. पुन्हा भरलेल्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही, म्हणून दहा माणसे बसतात, ग्रामसेवक, ज्यांस २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, ते वही लिहितात, आणि 'सर्वानुमते मंजूर' असे गावाच्या नावाने छापून येते. जे गाव सभेला गेलेच नाही, त्या गावाचे सर्वानुमत झाले कसे? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? आपणच सभेत नाही, तर आपले गाऱ्हाणे वहीत कोठून येणार?

पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा शेकडा १५ हिस्सा मागासवर्गीयांसाठी, १० महिला व बालकांसाठी आणि ५ दिव्यांगांसाठी खर्च करावा असा नियम आहे. घरपट्टी आणि पाणीपट्टी आपणच भरतो. तेव्हा हे हिस्से कोठे गेले, असे सभेत उभे राहून विचारणारा एक चांभार, एक लोहार, एक विधवा बाई किती गावांत निघेल? एकाने विचारले तर त्याला 'विरोधक' म्हणून दाबता येते. पन्नासांनी विचारले तर वही उघडावीच लागते.

हे स्वप्नातले बोलणे नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव एके काळी पाण्यावाचून ओसाड पडू लागले होते, माणसे पोटासाठी बाहेर जात होती. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार तेथे सरपंच झाले, आणि ग्रामसभेत बसून गावाने आपले नियम केले. डोंगरावर चर खणले, झाडे जपली, मोकाट चराई थांबवली. पाऊस किती पडला हे मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा, आधी पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, मग शेतीचे, आणि उरेल त्यावर पीक ठरवायचे, अशी तेथे रीत पडली. उसासारख्या तहानलेल्या पिकाला गावाने नकार दिला. त्या सरपंचाला पुढे पद्मश्री मिळाली, सत्कार झाले, शालीही मिळाल्या. पण आधी चर खणले गेले आणि शाल नंतर आली, हा क्रम विसरू नका.

बहिणींनो, एक शब्द खास तुमच्यासाठी. आपल्या राज्यात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण समारंभाच्या पत्रिकेवर बाईचे नाव असते आणि व्यासपीठावर तिचा नवरा फेटा बांधून बसतो. लोकही त्यालाच 'सरपंच' म्हणून रामराम घालतात. ग्रामसभेतही बाई कोपऱ्यात, आणि उत्तरे हा देतो. निवडून आली ती, सही करणार ती, उद्या चौकशी लागली तर कठड्यात उभी राहणारही तीच. मग बोलणारा दुसरा का? ज्या सभेत सरपंचबाईंची खुर्ची दुसऱ्या कोणी बळकावली असेल, तेथे बायकांनीच उठून म्हणावे, 'बाईंना बोलू द्या.' दोन वेळा असे झाले की तिसऱ्या वेळेस तो आपण होऊन खाली बसेल.

पुढारी बिघडले असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण पुढारी तेथेच जातो जेथे त्याची दखल घेतली जाते. वाढदिवसाला नाही आला तर आपण वर्षभर रुसतो, ग्रामसभेला नाही आला तर आपल्याला पत्ताही नसतो. जत्रेची वर्गणी त्याने किती दिली हे पोरासोरांस पाठ असते, शाळेच्या गळक्या छपरासाठी त्याने किती अर्ज केले हे कोणी विचारीत नाही. हे माप बदलले पाहिजे, आणि ते बदलणे कोणा मंत्र्याच्या हाती नाही, आपल्याच हाती आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गावात दोन-चार लिहिणाऱ्या मुलामुलींनी एक वही घालावी. तिच्यात वर्षाच्या चारही ग्रामसभा, पंचायतीच्या मासिक सभा आणि गावच्या संकटाचे दिवस यांची नोंद करावी. गारपीट झाली तेव्हा बांधावर कोण आले, टाकी फुटली तेव्हा कोण आले, दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणून तालुक्याला कोण गेले, हे नावानिशी लिहावे. खरे तेच लिहावे, राग-लोभ ठेवू नये, चांगले काम केलेल्याचे नाव आधी लिहावे. ग्रामसभेची नोटीस लागली की प्रत्येक आळीतून दोन पुरुष आणि दोन बाया निघाल्याच पाहिजेत असा नेम करावा. आणि निवडणूक आली, मते मागायला मंडळी दारात आली, की त्यांस पाट द्यावा, पाणी द्यावे, आणि ती वही त्यांच्यापुढे उघडून ठेवावी.

पुढारी आपले वैरी नाहीत. ते आपल्याच घरांतून गेलेले आहेत, त्यांतले कित्येक काल-परवापर्यंत नांगर धरीत होते, भाता ओढीत होते. त्यांस खाली ओढण्यासाठी ही वही नाही. चांगल्याचे हात बळकट व्हावे आणि चुकाराला लाज वाटावी, एवढ्याचसाठी ती आहे. पुढची ग्रामसभा ज्या दिवशी असेल त्या दिवशी एक रोज बुडाला तरी चालेल, पण तेथे जाऊन बसा. मग पुढारी हजर राहतील की नाही याची चिंता करावी लागणार नाही, त्यांस हजर राहावेच लागेल.