उचलणे आणि पेलणे

इंग्रजीतून आलेले दोन शब्द आता आमच्या अंथुर्ण्यासारख्या गावांतही कानावर पडतात. एक वेटलिफ्टिंग, दुसरा पॉवरलिफ्टिंग. मराठीत पहिल्याला भारोत्तोलन म्हणतात आणि दुसऱ्याला शक्तितोलन. बोलताना आपण दोन्ही एकच समजतो. खेळ मात्र वेगवेगळे आहेत.

वेटलिफ्टिंगमध्ये भार जमिनीवरून थेट डोक्याच्या वर न्यायचा असतो. 'स्नॅच'मध्ये एका दमात, तर 'क्लीन अँड जर्क'मध्ये आधी खांद्यापर्यंत आणि मग वर. पॉवरलिफ्टिंगमध्ये भार डोक्यावर जातच नाही. 'स्क्वॉट'मध्ये तो खांद्यावर घेऊन बसायचे व उठायचे, 'बेंच प्रेस'मध्ये आडवे पडून छातीवरून वर रेटायचा आणि 'डेडलिफ्ट'मध्ये जमिनीवरून उचलून ताठ उभे राहायचे.

आपल्या भागातली उदाहरणे घेऊ. विहिरीवरची जड मोटार दोघे जण कमरेइतकी उचलून बाजूला ठेवतात, ते डेडलिफ्टच्या जवळचे. उसाची मोळी जमिनीवरून डोक्यावर घेऊन, तोल सांभाळत फळीवरून ट्रॉलीत चढणे, हे वेटलिफ्टिंगच्या जवळचे. पहिल्यात उचलण्याची कसोटी आहे, दुसऱ्यात पेलण्याचीही.

गंमत नावातच आहे. शाळेच्या विज्ञानात शक्ती म्हणजे कार्य करण्याचा वेग. शंभर किलोचा भार एक मीटर उंच नेण्यास एकाला एक सेकंद लागला आणि दुसऱ्याला चार, तर कार्य सारखेच. पण पहिल्याची शक्ती चौपट. या हिशेबाने 'पॉवर' खरी वेटलिफ्टिंगमध्ये जास्त लागते, कारण तिथे सगळे क्षणात करावे लागते. पॉवरलिफ्टर संथपणे उचलतो, पण त्याचा भार बहुधा अधिक असतो. नाव मात्र नेमके उलटे पडले!

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. वेटलिफ्टिंग १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून ओळखीचे आहे. महिलांना तिथे २००० साली सिडनीत प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने कांस्यपदक आणले. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्य जिंकले. पॉवरलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये नाही. पॅरालिंपिकमध्ये आहे, पण तिथेही फक्त बेंच प्रेस.

म्हणून मुलगा किंवा मुलगी 'मी लिफ्टिंगला जातो, जाते' म्हणाली, तर पालकांनी विचारावे, कोणते? एकात मोकळे सांधे, चपळाई आणि लहानपणापासूनचे तंत्र हवे. दुसरे मोठ्या वयातही सुरू करता येते; प्रौढांसाठी त्यात वेगळे गट असतात. कमी-जास्त कोणीच नाही. पण ऑलिंपिकचे स्वप्न डोळ्यांत असेल, तर रस्ता आधीच ओळखलेला बरा. चार वर्षे घाम गाळल्यावर तो कळला, तर तो भार पोरांना पेलणे कठीण जाते.