सुरबानाना टिपणीस : ठरावाच्या मागे उभा राहिलेला नगराध्यक्ष
(२० मार्चच्या शिबिरात केलेलं भाषण)



आज महाडच्या तळ्याचा दिवस. बाबासाहेबांबद्दल सकाळी बोलून झालं, ते मी परत सांगत नाही. मी बोलणार आहे महाडातल्याच एका माणसाबद्दल, ज्याचं नाव आपल्या वाड्यांत कुणी घेत नाही. सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस. लोक त्यांना सुरबानाना म्हणायचे. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष. जातीने कायस्थ प्रभू, म्हणजे आपल्यातले नव्हेत, दलितही नव्हेत.

आता नगरपालिका म्हणजे काय? दिवाबत्ती, गटार, रस्ता, पाणी. अध्यक्षाने एवढं नीट बघितलं तरी गाव त्याला चांगला म्हणतं. पण १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी पैशाच्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड पालिकेने १९२४ च्या जानेवारीत त्याप्रमाणे आपला ठराव केला. चवदार तळं सगळ्यांना खुलं!

आणि तळ्यावर गेलं कोण? कुणीच नाही. तीन वर्षं. गुरं पाणी पीत होती, माणसं लांबून बघत होती. ठराव दप्तरात.

आपल्यातली काही पोरं म्हणतात, मग त्या ठरावाचा उपयोग काय, कागदच तो. मला नाही तसं वाटत. १९२७ ला रामचंद्र मोरे आणि बाकीच्यांनी परिषद भरवली, आणि २० मार्चला हजारो माणसं तळ्याकडे निघाली, तेव्हा ती चोरून नाही निघाली. तळं पालिकेचं, ठराव पालिकेचा. आणि नुसता ठराव करून सुरबानाना घरी बसले नाहीत. परिषदेला ते होते, अनंतराव चित्रे होते, सहस्रबुद्धे होते.

साथींनो, मुंबईत राहून पुढारी होणं वेगळं आणि महाडात राहून वेगळं. परिषदेची माणसं पाणी पिऊन आपापल्या गावी जाणार. सुरबानानांना तिथंच राहायचं होतं. संसारी माणूस. लग्नकार्य, मयत, दुकानाची उधारी, सगळं त्याच लोकांत. त्याच दिवशी अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, आणि परिषदेच्या माणसांना मारहाण झाली. मग १०८ घागरींनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं शुद्ध केलं म्हणे. शेण ओतून शुद्ध! आपण पाण्यात शेण पडू देत नाही.

४ ऑगस्ट १९२७ ला खुद्द पालिकेनेच आपला ठराव रद्द केला. ज्या पालिकेने दार उघडलं तिनेच ते लावलं. विचार करा, असल्या माणसाच्या घरात त्या दिवसांत काय बोलणं होत असेल. आपल्याकडे बघा ना, फॉरेस्टवाल्याविरुद्ध अर्जावर अंगठा करतो गडी, आणि पाणवठ्यावर ऐकून घ्यावं लागतं त्याच्या बायकोला. पुढाऱ्याचा हार गळ्यात पडतो, पण त्याचं ओझं चुलीपर्यंत जातं. हे आपण सभेत कधी बोलत नाही, बोलायला पाहिजे.

डिसेंबरात परत परिषद ठरली. जागा कुणी देईना, शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमानाने दिली. कोर्टाची मनाई आली. २५ तारखेला मनुस्मृती जाळली. तळ्याचा खटला चालला तो थेट १७ मार्च १९३७ पर्यंत, हायकोर्टात निकाल लागेस्तोवर. दहा वर्षं. आपल्या केसला चार वर्षं झाली तर आपण कंटाळतो.

त्याच साली सुरबानाना बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कुलाबा जिल्ह्यातून असेंब्लीत निवडून आले. कुलाबा म्हणजे आताचा आपला रायगड. त्या पक्षाने खोती मोडण्याचं बिल आणलं, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईला कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. त्याच पक्षातले शामराव परुळेकर पुढे लाल बावट्यात गेले. १९४५ ला गोदावरीबाई आणि ते वारल्यांबरोबर वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. म्हणजे तळ्याची वाट जंगलापर्यंत आलेली आहे, बघा.

आपल्याकडेही १९७८ चा जी.आर. आहे, वनजमिनीवरची जुनी कसणूक कायम करायचा. तोही दप्तरात आहे. गार्ड म्हणतो मला माहीत नाही, तलाठी म्हणतो साहेबांना विचारा.

तेव्हा जेवणानंतर वाडीवार गट बसतील. ज्यांनी दळीचे जुने कागद आणलेत, दंडाच्या पावत्या आणल्यात, त्यांनी त्या पिशवीतून काढून ठेवाव्यात. दंडाची पावती फेकू नका, त्या साली तुम्ही ती जमीन कसत होता याचा तो पुरावा आहे. घडी हळू उघडा, जुना कागद लगेच फाटतो.