मातीचा सामू, दाताचा सामू
(ओझर येथील बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या बैठकीत दाताचे काय, असे तुम्हाला वाटेल. पण दाढ ठणकू लागली की ऐन वेचणीत माणूस घरी बसतो, पोर घरादाराला रात्रभर जागवते आणि दाढेचा खर्च कापसाच्याच पट्टीतून जातो.

शेतकीची पदवी घेताना आम्ही मातीचा सामू मोजायला शिकलो. दाताचेही गणित तेच. दातावरच्या थरातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. सामू 5.5 च्या खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते. लाळ ते आम्ल मारते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात पोराने दुसरी गोळी तोंडात टाकली, तर लाळेने करायचे काय? म्हणून साखर किती खाल्ली याच्याइतकेच ती कितीदा खाल्ली हेही बघायचे. स्वीडनमध्ये विपेहोल्म येथे 1945 नंतर याची चाचणी झाली. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत, मधल्या वेळी चिकट टॉफी खाणाऱ्यांचे भराभर किडले. ही चाचणी नाही म्हणू न शकणाऱ्या मतिमंद रुग्णांवर केली, ती रीत माणुसकीची नव्हती. पण निष्कर्ष खरा ठरला. आपल्याकडे ज्वारीची भाकरी मागे पडली आणि चहात बुडवलेल्या बिस्किटाचा लगदा दाढेच्या खाचेत जाऊन बसला. याला सुधारणा म्हणतात!

दुधाचे दात पडणारच, असे म्हणून सोडू नका. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. फ्लोराइडची पेस्ट दोनदा लावा, रात्री झोपताना नक्की; तान्ह्यांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांपुढे वाटाण्याएवढी. यवतमाळ, चंद्रपूरकडे काही विहिरींच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे आधी पाणी तपासा.

मिश्रीने दात घट्ट होत नाहीत. ती भाजलेली तंबाखूच. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 साली बंदी झाली, पण घरच्या चुलीपर्यंत कायदा पोचत नाही. पुरुषांनी आधी आपली चंची खाली ठेवावी, मग बायकांना सांगावे.

आता फुकट उपचाराचे. ही खैरात नव्हे. काडेपेटीपासून खतापर्यंत कर आपणच भरतो. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतली पोरे वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतली एकदा तपासायची असतात, दातांसकट. कागदावर सगळे आहे. कागदावर कालव्याचे पाणीही टेलपर्यंत असते. इथे ओझरला वाघाडचे पाणी पोचत नव्हते. 1990 च्या दशकात शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या, पाणी मोजून मागितले, तेव्हा ते टोकाला आले. दंतवैद्यही असाच मागावा लागेल. ग्रामीण रुग्णालयात जाऊन लेखी विचारा: दंतवैद्य कोणत्या वारी असतो, खुर्ची चालू आहे का, दाढ नुसती उपटतात की भरतातही?

ज्या गावात तपासणीचे पथक आले नसेल, त्या गावाचे नाव आणि अंगणवाडीचा पट पुढच्या बैठकीला घेऊन या. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाताना तो आमच्या हातात हवा.